अँटीअरिदमिक औषध उलटेल का, हे संगणकावर कसं तपासायचं: नवख्यांसाठी मार्गदर्शक

हृदयाची लय ताळ्यावर आणायला दिलेलं औषध कधीकधी स्वतःच जीवघेणी लय सुरू करतं. याला प्रोअरिदमिया म्हणतात. १९८९ साली कास्ट या मोठ्या चाचणीने हे सगळ्यांच्या डोळ्यांत अंजन घालून दाखवलं. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांना एनकेनाइड किंवा फ्लेकेनाइड दिलं होतं. आधी या रुग्णांचे जादा ठोके औषधाने कमी होतात याची खात्रीही करून घेतली होती. पुढे सरासरी दहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले, आणि नुसती बिनऔषधी गोळी घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६. ईसीजी सुधारला होता, माणसं मात्र जास्त गेली.

म्हणूनच हा धोका आधी ओळखण्यासाठी संगणकी मॉडेलं वापरली जातात. अभियांत्रिकी, भौतिकशास्त्र किंवा औषधशास्त्र शिकताना तुमच्या हाती असा पहिला प्रकल्प आला असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी या वाटेने गेलो तेव्हा माहिती भरपूर होती, पण कुठल्या क्रमाने काय करायचं हे एका जागी सापडत नव्हतं. तो क्रम इथे देतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. तुम्ही किंवा घरातलं कुणी असं औषध घेत असेल, तर इथलं वाचून गोळी बंद करू नका आणि डोसही बदलू नका. त्याचा निर्णय तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांकडेच राहू द्या. इथे आपण बोलतोय ते संशोधनातल्या अंदाजाबद्दल.

सुरुवातीला काय जमवायचं

- साधा लॅपटॉप. एका पेशीचं मॉडेल त्यावर आरामात चालतं. ऊतीचं, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या पुष्कळ पेशींचं, मॉडेल करायचं झालं तरच मोठी यंत्रणा लागेल.
- पायथॉन आणि मायोकिट, किंवा ओपनकॉर (पेशीची मॉडेलं चालवणारी सॉफ्टवेअरं). ऊतीसाठी पुढे ओपनकार्प किंवा चेस्ट.
- पेशीच्या मॉडेलची सेलएमएल फाइल (मॉडेलची समीकरणं साठवण्याचं ठरलेलं रूप). फिजिओम मॉडेल रिपॉझिटरीत ती मोफत मिळते. शोधनिबंधातली समीकरणं हाताने टाइप करत बसू नका, एक चिन्ह चुकलं तरी शोधण्यात आठवडे जातात.
- औषधाची माहिती: प्रत्येक आयन चॅनेलसाठी (पेशीच्या आवरणातलं, भारित कण आत-बाहेर जाऊ देणारं दार) आयसी-५० (चॅनेल अर्धा बंद करायला लागणारं औषधाचं प्रमाण) आणि हिल गुणांक (प्रमाणाबरोबर अडथळा किती झपाट्याने वाढतो ते), ते कुठल्या तापमानाला आणि कुठल्या पेशीत मोजले याच्या नोंदीसह.
- रुग्णाच्या रक्तात औषधाचं प्रमाण जास्तीत जास्त किती चढतं, आणि त्यातलं प्रथिनांना न चिकटलेलं, म्हणजे मुक्त, किती असतं.
- औषधाचे शरीरात होणारे चयापचयी पदार्थ आणि त्यांचे स्वतःचे परिणाम.

शेवटचे दोन मुद्दे बहुतेक जण विसरतात. तिसऱ्या पायरीत त्यांच्याकडे परत येऊ.

## १. धोका कुठल्या वाटेने येणार, ते आधी ठरवा

वाटा मुख्यतः दोन आहेत आणि दोन्हींना लागणारी मोजमापं वेगळी आहेत.

पहिली वाट लांबलेल्या रिपोलरायझेशनची, म्हणजे ठोक्यानंतर पेशीचं व्होल्टेज मूळ जागी परतायला लागणाऱ्या जादा वेळाची. डोफेटिलाइड, सोटॅलॉल, इब्युटिलाइड यांसारखी तिसऱ्या वर्गातली (या औषधांचे परिणामानुसार वर्ग केलेले आहेत) औषधं हर्ग नावाचा पोटॅशियम चॅनेल अडवतात. पेशीला विश्रांतीच्या व्होल्टेजवर परतायला वेळ लागतो, अ‍ॅक्शन पोटेन्शियल (एका ठोक्यातला पेशीच्या व्होल्टेजचा चढ-उतार) लांबतं, ईसीजीवर क्यूटी (निलय, म्हणजे हृदयाचे खालचे कप्पे, उत्तेजित होऊन पूर्ववत होईपर्यंतचा काळ) वाढतो. अशा अवस्थेत कॅल्शियम चॅनेल पुन्हा उघडले, तर ठोका पुरा होण्याआधीच व्होल्टेज परत वर उसळतं. याला अर्ली आफ्टरडिपोलरायझेशन म्हणतात, पुढे मी त्याला ईएडी म्हणेन. त्यातून टॉरसाद द पॉइंत ही निलयाची जीवघेणी जलद लय सुरू होऊ शकते. फ्रेंच डॉक्टर देसेर्तेन यांनी १९६६ साली तिचं वर्णन केलं होतं.

दुसरी वाट मंदावलेल्या वहनाची. फ्लेकेनाइडसारखी पहिल्या वर्गातली औषधं सोडियम चॅनेल अडवतात. विद्युत लहर हळू धावू लागते. लहरीची लांबी म्हणजे वहनाचा वेग गुणिले रिफ्रॅक्टरी काळ (पेशी पुन्हा उत्तेजित होऊ शकत नाही तेवढा वेळ). वेग घटला की लांबी घटते, आणि मग लहान जागेतही लहर स्वतःच्या शेपटीमागे गोल फिरत राहू शकते. झटक्यानंतर हृदयात व्रण राहिला असेल तर अशी जागा तिला आयतीच मिळते. कास्टमधले रुग्ण नेमके असे होते.

सापळा: फ्लेकेनाइडसाठी एका पेशीत अ‍ॅक्शन पोटेन्शियलची लांबी मोजायची, ती फारशी बदलत नाही असं पाहायचं आणि औषध सुरक्षित ठरवायचं. पेशी एकच असेल तर वहन नावाची गोष्टच तिथे नसते. जो धोका मॉडेलमध्ये येऊच शकत नाही, तो उत्तरात दिसणार नाही.

## २. औषधाविना मॉडेल आधी बरोबर चालवा

मानवी निलयाच्या पेशीसाठी ओ'हारा आणि रुडी यांचं २०११ चं मॉडेल घ्या. ते निरोगी मानवी हृदयांतून मिळालेल्या मोजमापांवर उभं आहे, आणि औषधांच्या सुरक्षिततेचं बरंचसं काम त्याच्यावरच झालंय. २०१९ चं टोर-ओआरडी हे त्याच घराण्यातलं नवं मॉडेल. अलिंदाचा (हृदयाच्या वरच्या कप्प्याचा) प्रश्न असेल तर कोर्टेमान्श यांचं १९९८ चं मॉडेल पाहा. निलयाचं मॉडेल अलिंदासाठी वापरू नका, दोन्हीकडचे प्रवाह वेगळे आहेत.

सेकंदाला एक ठोका या गतीने मॉडेल चालवा आणि मूळ शोधनिबंधातल्या आकृतीशी रेघ जुळवा. ती जुळेपर्यंत औषधाला हात लावू नका.

सापळा: दहा-वीस ठोके देऊन थांबणं. पेशीच्या आतली सोडियम आणि कॅल्शियमची पातळी स्थिरावायला शेकडो ठोके लागतात. हजार ठोके देण्याची पद्धत आहे ती त्यासाठीच. गती बदलली किंवा औषध घातलं की पुन्हा पहिल्यापासून स्थिरावू द्या. समीकरणं सोडवणाऱ्या सॉल्व्हरची टॉलरन्सही (त्याला चालणारी चूक) एकदा दहापट कडक करून पाहा. उत्तर हललं, तर आधीचं उत्तर भरवशाचं नव्हतं.

## ३. औषधाचे आकडे: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

सर्वात साधं सूत्र असं: चॅनेलची उरलेली क्षमता = १ ÷ (१ + (प्रमाण ÷ आयसी-५०)^हिल गुणांक).

हिल गुणांक १ धरा. प्रमाण आयसी-५० इतकंच असेल तर चॅनेल अर्धा बंद होतो. तिप्पट असेल तर ७५ टक्के. प्रमाण आयसी-५० च्या तिसाव्या हिश्शाइतकं असेल तर जेमतेम ३ टक्के. औषध विकसित करणाऱ्यांमध्ये 'तीसपट अंतर ठेवा' हा जो ठोकताळा आहे, त्याचा अर्थ या गणितातून लगेच कळतो.

सूत्र सोपं आहे. खरी अडचण त्यात घालायच्या आकड्यांची आहे.

आयसी-५० हा औषधाच्या वजनासारखा पक्का आकडा नाही. एकाच औषधाचा हर्गसाठीचा आकडा दोन प्रयोगशाळांत कित्येक पटींनी वेगळा येऊ शकतो. खोलीचं तापमान की ३७ अंश, हाताने केलेला पॅच-क्लॅम्प (चॅनेलमधला प्रवाह मोजण्याची पद्धत) की स्वयंचलित यंत्र, व्होल्टेजचा कुठला कार्यक्रम वापरला, या सगळ्यांनी तो बदलतो. म्हणून एका औषधाचे सगळे चॅनेल शक्यतो एकाच प्रयोगशाळेच्या आकड्यांवरून घ्या. हर्गचा आकडा एका निबंधातून, कॅल्शियमचा दुसऱ्यातून अशी गोधडी शिवली, तर प्रवाहांचा एकमेकांशी असलेला तोलच खोटा ठरतो. आणि या तोलावरच सगळं अवलंबून आहे.

मग रक्तातलं प्रमाण. चॅनेलपर्यंत पोचतं ते मुक्त औषध. प्रथिनांना ९० टक्के चिकटणाऱ्या औषधाचं एकूण प्रमाण सूत्रात घातलंत, तर परिणाम दहापट प्रमाणाचा मोजलात. एककंही तपासा. नॅनोमोलर आणि मायक्रोमोलर यांची अदलाबदल ही इथली सर्वात सामान्य चूक आहे आणि ती हजारपटीची आहे. डोफेटिलाइडचं मुक्त प्रमाण जेमतेम दोनेक नॅनोमोलर असतं, क्विनिडिनचं हजारोंच्या घरात. एकच सरसकट प्रमाण धरून औषधांची तुलना करणं निरर्थक आहे.

त्यानंतर चयापचय. प्रोकेनामाइड हे मुख्यतः सोडियम चॅनेल अडवणारं औषध, पण यकृतात त्याचा एन-असेटिलप्रोकेनामाइड बनतो आणि तो तिसऱ्या वर्गासारखा वागतो. एनकेनाइडचे चयापचयी पदार्थही सक्रिय असतात. फक्त मूळ रेणू मॉडेलमध्ये घातलात, तर रुग्णाच्या शरीरात असलेलं अर्धंच औषध तुम्ही तपासलंत. याच्या उलट उदाहरण टर्फेनाडिनचं. हे अ‍ॅलर्जीचं औषध. यकृत त्याचं झपाट्याने फेक्सोफेनाडिनमध्ये रूपांतर करतं, त्यामुळे एरवी ते रक्तात फारसं दिसतच नाही. सोबत कीटोकोनॅझोल घेतलं की हे रूपांतर अडतं आणि हर्ग अडवणारा मूळ रेणू साचत जातो.

म्हणून नेहमीच्या कमाल प्रमाणावर थांबू नका. दुप्पट, चौपट, दहापटही चालवा. सोटॅलॉल आणि डोफेटिलाइड मोठ्या प्रमाणात मूत्रपिंडावाटे बाहेर जातात. मूत्रपिंड कमकुवत झालं की ही वाढ खरीखुरी घडते.

## ४. एकटा हर्ग पाहून निकाल देऊ नका

व्हेरापामिल हर्ग अडवतं. तेवढंच पाहिलं तर ते धोक्याच्या यादीत जाईल. पण ते एल-टाइप कॅल्शियम चॅनेलही अडवतं, आणि ईएडीला लागणारं इंधन त्याच चॅनेलमधून येतं. टॉरसादच्या दृष्टीने व्हेरापामिल कमी धोक्याचं मानलं जातं. रॅनोलॅझिन क्यूटी थोडा लांबवतं, पण उशिराचा सोडियम प्रवाहही (ठोक्याच्या सुरुवातीच्या उसळीनंतर रेंगाळणारा) कमी करतं, म्हणून त्याचाही धोका कमी. अमिओडारोन क्यूटी चांगलाच लांबवतं, तरी टॉरसाद क्वचितच घडवतं.

क्विनिडिन त्याहून बोधप्रद आहे. त्याचा धोका डोसबरोबर सरळ रेषेत वाढत नाही. कमी प्रमाणातही रुग्ण बेशुद्ध पडल्याच्या नोंदी १९६० च्या दशकापासून आहेत. कमी प्रमाणात पोटॅशियम प्रवाह अडवण्याचा परिणाम वरचढ असतो, प्रमाण वाढलं की सोडियम चॅनेलवरचा परिणाम त्याला काही अंशी तोलून धरतो. त्यामुळे आलेखात दोनच बिंदू काढून मध्ये पट्टीने रेघ ओढू नका.

किमान हर्ग, एल-टाइप कॅल्शियम, सोडियमचा शिखर प्रवाह आणि सोडियमचा उशिराचा प्रवाह हे चार घ्या.

## ५. औषध कधी चिकटतं आणि कधी सुटतं

वरचं सूत्र असं धरून चालतं की चॅनेलचा ठरावीक हिस्सा कायम बंद आहे. अँटीअरिदमिक औषधांच्या बाबतीत हे गृहीतक सर्वात आधी मोडतं. माझ्या मते या औषधांचा अभ्यास बाकी औषधांपेक्षा वेगळा करावा लागतो तो याच कारणाने.

सोडियम चॅनेल अडवणारी औषधं चॅनेल उघडा किंवा निष्क्रिय असताना जास्त चिकटतात आणि विश्रांतीत सुटतात. लिडोकेन झटकन सुटतं, फ्लेकेनाइड फार सावकाश. ठोके जलद झाले की दोन ठोक्यांमध्ये फ्लेकेनाइडला सुटायला वेळच मिळत नाही आणि अडथळा साचत जातो. म्हणजे विश्रांतीत काढलेला ईसीजी ठीक दिसेल आणि नाडी जलद झाल्यावर वहन कोलमडेल. तिसऱ्या वर्गातल्या अनेक औषधांचं याच्या उलट असतं. सोटॅलॉल, डोफेटिलाइड यांचा लांबवण्याचा परिणाम मंद ठोक्यांत जास्त दिसतो. जलद लय थांबवताना, जिथे तो हवा असतो, तिथे कमी पडतो, आणि ठोके मंदावल्यावर, नको तिथे, वाढतो.

म्हणून मॉडेल एकाच गतीवर चालवणं पुरेसं नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर २०००, १०००, ५०० आणि ३०० मिलिसेकंद असं ठेवून पाहा. सोडियमच्या औषधांसाठी मार्कोव्ह प्रकारचं मॉडेल वापरा, ज्यात चॅनेलच्या प्रत्येक अवस्थेत औषध चिकटण्याचा आणि सुटण्याचा दर वेगळा देता येतो. या कल्पनेची मुळं १९७७ साली बर्टिल हिले (हिल गुणांकातले हिल वेगळे), तसंच होंडेगेम आणि कात्झुंग यांनी मांडलेल्या मॉड्युलेटेड रिसेप्टरच्या सिद्धांतात आहेत. तो आधी वाचलात तर पुढची समीकरणं जड जाणार नाहीत. हर्गसाठीही औषध बंद चॅनेलमध्ये अडकून राहतं की नाही हे दाखवणारं रूप उपलब्ध आहे. डोफेटिलाइड असं अडकून राहतं.

## ६. काय मोजायचं

लांबणीच्या वाटेसाठी ९० टक्के रिपोलरायझेशनपर्यंतचा काळ, ईएडी दिसतो का, आणि क्यूनेट. क्यूनेट म्हणजे एका ठोक्यात सहा मुख्य प्रवाहांतून वाहिलेल्या विद्युतभाराची बेरीज: उशिराचा सोडियम, एल-टाइप कॅल्शियम आणि चार पोटॅशियम प्रवाह. तो जितका कमी, तितकी पेशी ईएडीच्या जवळ. नुसत्या लांबीपेक्षा हा आकडा व्हेरापामिल आणि डोफेटिलाइड यांना नीट वेगळं करतो.

वहनाच्या वाटेसाठी व्होल्टेज चढण्याचा कमाल वेग आणि रिफ्रॅक्टरी काळ.

सापळा: एका मॉडेलवर ठरवलेली क्यूनेटची सीमारेषा दुसऱ्या मॉडेलला लावणं. मॉडेल बदललं की सीमारेषा नव्याने काढावी लागते.

## ७. ऊतीत उतरा

सोडियमच्या औषधांसाठी ही पायरी टाळता येणार नाही. आधी पेशींची एक लांब साखळी करा आणि वहनाचा वेग मोजा. मग नेहमीच्या गतीचे काही ठोके देऊन त्यांच्या मागोमाग एक अवेळी ठोका द्या, आणि तो अगदी थोडा थोडा मागेपुढे सरकवत जा. फार लवकर दिला तर तो विझतो, उशिरा दिला तर दोन्ही दिशांना जातो. मधल्या एका पट्ट्यात तो एकाच दिशेला जातो. या पट्ट्याची रुंदी म्हणजे व्हल्नरेबल विंडो. औषधाने ती रुंदावली तर गोल फिरणाऱ्या लहरीची शक्यता वाढली. दोन मितींच्या पत्र्यावर लहर प्रत्यक्ष फिरवून पाहणं त्यानंतर.

सापळा: ओ'हारा-रुडी मॉडेल जसंच्या तसं ऊतीत वापरणं. त्यातला शिखर सोडियम प्रवाह ऊतीतल्या वहनाला नीट झेपत नाही. तिथे टेन टुशेर यांच्या मॉडेलमधला सोडियम प्रवाह बसवायचा, असा मूळ लेखकांचाच सल्ला आहे.

## ८. निरोगी पेशीवर थांबू नका

कास्ट आणि स्वॉर्ड या दोन्ही चाचण्यांत रुग्णांची हृदयं आधीच दुखावलेली होती. डी-सोटॅलॉलची स्वॉर्ड चाचणी १९९६ साली प्रसिद्ध झाली आणि ती मुदतीआधीच थांबवावी लागली होती. औषधाच्या १५४९ रुग्णांत ७८ मृत्यू झाले, बिनऔषधी गोळीच्या १५७२ रुग्णांत ४८.

म्हणून मॉडेलला वाईट दिवस दाखवा. बाहेरचं पोटॅशियम कमी करा. एरवी वाटेल की बाहेर पोटॅशियम कमी झालं तर पोटॅशियम बाहेर जाणं वाढेल, पण हर्गचा प्रवाह त्याने उलट कमी होतो, आणि रक्तातलं पोटॅशियम घसरलेल्या रुग्णात ही औषधं जास्त घातक का ठरतात ते मॉडेलमध्ये लख्ख दिसतं. ठोके मंद करा. हार्ट फेल्युअरमधले प्रवाहांचे बदल घाला. स्त्रियांमध्ये टॉरसादचा धोका जास्त असतो, त्यासाठी स्त्री-पुरुषांच्या प्रवाहांतला फरक मांडणारी मॉडेलं आहेत. शक्य असेल तर एका पेशीऐवजी शेकडो पेशींचा समूह घ्या, प्रत्येकीच्या प्रवाहांची तीव्रता थोडी वेगळी ठेवून. सरासरी पेशी तगते तिथे समूहातल्या काही ढासळतात, आणि आपल्याला शोधायच्या आहेत त्या याच.

## ९. माहीत असलेल्या औषधांवर परीक्षा घ्या

तुमचं स्वतःचं औषध सगळ्यात शेवटी. २०१३ साली सुरू झालेल्या सिपा या उपक्रमाने २८ औषधं निवडून जास्त, मध्यम आणि कमी धोका अशा तीन गटांत मांडली आहेत. त्यातली १२ मॉडेल घडवायला आणि १६ तपासायला. घडवायच्या गटात जास्त धोक्याची डोफेटिलाइड, सोटॅलॉल, क्विनिडिन, बेप्रिडिल ही आहेत, तर कमी धोक्याची व्हेरापामिल, डिल्टियाझेम, मेक्सिलेटिन, रॅनोलॅझिन. ही विभागणी पाळा. तपासायच्या १६ औषधांकडे पाहून एकदा जरी मॉडेलमध्ये फेरफार केलात, तरी ती परीक्षा राहिली नाही.

हेही ध्यानात ठेवा की सिपाची यादी टॉरसादच्या धोक्याची आहे. त्यात पास झालेलं मॉडेल फ्लेकेनाइडच्या वाटेबद्दल काहीच सिद्ध करत नाही. मेक्सिलेटिन तिथे कमी धोक्यात आहे ते फक्त टॉरसादपुरतं.

## १०. निकाल लिहिताना

'सुरक्षित' किंवा 'धोकादायक' असा एक शब्द लिहू नका. आयसी-५० मधली अनिश्चितता घेऊन मॉडेल हजारदा चालवा आणि निकालाचा पट्टा द्या. पट्टा दोन गटांवर पसरला असेल तर तसंच लिहा. सोबत या गोष्टी असू द्या:

- कुठलं मॉडेल, कुठली आवृत्ती, पेशीचा कुठला प्रकार, किती ठोक्यांनंतर मोजलं.
- प्रत्येक आयसी-५० कुठून घेतला आणि तो कुठल्या तापमानाचा.
- मुक्त प्रमाण कसं काढलं, आणि त्याच्या किती पटींपर्यंत चालवलं.
- कुठल्या गतींवर आणि कुठल्या रोगट अवस्थांत तपासलं.
- मॉडेलमध्ये काय नव्हतं: व्रण, चयापचयी पदार्थ, अलिंद, सोबतची औषधं.

शेवटचा मुद्दा डॉक्टरांना आकड्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतो. फ्लेकेनाइडचंच पाहा. अलिंदाच्या फ्लटरमध्ये (अलिंदाच्या अतिजलद, नियमित लयीत) ते अलिंदाची गती मिनिटाला ३०० वरून २०० च्या आसपास आणू शकतं. ही सुधारणा वाटते, पण आधी जे आवेग एव्ही नोड (अलिंद आणि निलय यांच्यामधला विद्युत दुवा) अर्धे अडवत होता, ते आता सगळेच्या सगळे खाली निलयात उतरू शकतात आणि नाडी एकदम वाढते. डॉक्टर म्हणूनच फ्लेकेनाइडबरोबर एव्ही नोड मंदावणारं औषध देतात. निलयाच्या पेशीचं मॉडेल कितीही नेटकं असलं तरी त्यात एव्ही नोड नाही, आणि हे तुमच्या अहवालात लिहिलेलं असायला हवं.